पुण्यास काय पाहिले, काय चाखले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षी या दिवशी मी मागे बसून चहाच्या कपांचा हिशेब ठेवते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे बोलाविले आणि विषयही त्यांनीच ठरविला. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुण्यास जाऊन जे बघून आलात त्याच्या गल्लीत दहा कथा झाल्या आहेत. अकरावी तुमच्याच तोंडून ऐकू द्या." तेव्हा ऐका. विषय आहे बिअर. पदराआड हसताय त्या हसून घ्या, मग बोलू.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला आणि पुण्यास एका बिअर करणाऱ्या छोट्या कारखान्यात नोकरीस लागला. पगार चांगला, मुलगा गुणी. पण बहीण कोणी विचारले की सांगायची, "तो अन्नप्रक्रियेच्या कंपनीत आहे." अन्न कोणते आणि प्रक्रिया कोणती, हे ती सांगत नसे. गेल्या वर्षी यावल तालुक्यातले एक चांगले स्थळ ठरत आले होते. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात त्या मंडळींना नोकरीचे कळले. निरोप आला की दारू गाळणारा जावई आम्हांस नको. बहीण दोन दिवस जेवली नाही.

आता मी त्या मंडळींना नावे ठेवीन असे तुम्हाला वाटेल. मी ठेवत नाही. माझे धाकटे दीर बाटलीपायी अडतिसाव्या वर्षी गेले. माझ्या जाऊबाई इथेच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे. त्यांनी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवून दोन लेकरे वाढविली. दीर आधी काय म्हणत असत ठाऊक आहे? "वहिनी, ही बिअर आहे, दारू नव्हे." हे वाक्य माझ्या कानांत अजून आहे. म्हणून भाच्यावर माया असूनही त्याच्या नोकरीचा मला राग होता. भाचाच एक दिवस फोनवर म्हणाला, "मावशी, तू एकदा येऊन बघ. मग पाहिजे तेवढ्या शिव्या दे." आमच्याकडे हे रेल्वेत असल्याने पासाची अडचण नव्हती. महाराष्ट्र एक्स्प्रेसने मनमाड-दौंड करीत आम्ही दोघे पुण्यास गेलो.

पहिली गोष्ट. बिअर गाळीत नाहीत. गाळतात ती दारू, म्हणजे भट्टीवर चढवून, वाफ धरून, थंड करून जी काढतात ती. बिअर आंबवितात. आणि आंबविणे म्हणजे काय हे खानदेशच्या बाईला कोणी शिकवायला नको. बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालतो, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढतो, तेव्हा घरभर जो आंबूस वास सुटतो, त्याच वासाने त्या कारखान्याच्या दारातच माझे स्वागत केले. मी यांना म्हटले, "अहो, इथे तर कुरडयांचा घाट घातलेला दिसतो!"

कृती अशी. बिअरचे मुख्य धान्य जव, म्हणजे आपला सातू. तो भिजवून त्यास मोड आणतात. नाचणीसत्त्वासाठी नाचणीला आणतो तसेच. मोड आले की वाळवितात आणि भाजतात. थोडे भाजले तर बिअर पिवळी होते, काळे होईतो भाजले तर कॉफीसारखी काळी. मग त्याची भरड काढतात. पीठ करीत नाहीत, कारण पुढे गाळताना टरफलच चाळणीचे काम करते. ही भरड सुमारे 65 अंश ऊन पाण्यात तासभर ठेवतात. मोड आलेल्या धान्यात एक पाचक द्रव्य तयार झालेले असते, ते पिठाची साखर करते. मी तो रस चमच्याने चाखला. उसाच्या रसापेक्षा थोडा कमी गोड, आणि त्याला भाजलेल्या सातूचा वास. यात अजून मद्य नसते.

चोथा वेगळा काढतात आणि तो गुरांना जातो. आपण मात्र कुरडईच्या चोथ्याच्या भुसवड्या करतो, वाया काही घालवीत नाही. हे मी भाच्याच्या साहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी कृती लिहून घेतली!

पुढे तो गोड रस उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले टाकतात. ही वेल भांगेच्या कुळातली. तिच्या नर वेली वेगळ्या आणि मादी वेली वेगळ्या असतात, आणि कामास येतात ती फक्त मादी वेलीची फुले. कडूपणा आणि सुवास त्यांचाच, आणि बिअर टिकते तीही त्यांच्यामुळे. मग रस थंड करून त्यात यीस्ट घालतात, जसे दुधात विरजण. यीस्ट साखर खाते आणि दोन गोष्टी मागे ठेवते, एक मद्यार्क आणि दुसरा वायू. म्हणून फेस. आठ-पंधरा दिवसांत एका जातीची तयार होते. दुसऱ्या जातीला अधिक थंडी आणि अधिक दिवस लागतात. दुकानात बाटलीत मिळते ती मोठ्या कारखान्यातली, महिनोन् महिने टिकावी म्हणून केलेली. इथली जागच्या जागी केलेली, थोडी, ताजी. तिला क्राफ्ट बिअर म्हणतात. मी मनात म्हटले, बाजारचे लोणचे आणि हातचे लोणचे, एवढाच फरक.

आणि स्वच्छता म्हणाल तर मला लाज वाटली. सगळी भांडी पोलादी, आरशासारखी. भाचा म्हणाला, "मावशी, आमचे निम्म्याहून जास्त काम म्हणजे भांडी घासणे." वाईट जंतूचा एक कण राहिला तर सगळा घाणा नासतो. जो मुलगा घरी स्वतःचे ताट उचलीत नव्हता, तो टाकीत वाकून घासत होता. त्याच्या आईला याचा फोटो पाठविला.

पुण्यात हे कधी सुरू झाले? 2009 साली डूलाली नावाची बिअरशाळा पुण्यात निघाली. महाराष्ट्रात जागेवरच बिअर करून देणाऱ्यांत ही पहिली. पुढे तिच्या मागून पुण्यात अशा जागा वाढत गेल्या, आणि आता बंगळूरपाठोपाठ पुण्याचे नाव बिअरसाठी घेतले जाते. विद्येचे माहेरघर म्हणत होतो, तिथे हेही आले!

पण गंमत त्या नावात आहे. डूलाली म्हणजे आपली देवळाली. मुंबईस जाताना नाशिकरोड सोडले की लागते ती. इंग्रजांच्या राज्यात तिथे गोऱ्या शिपायांची छावणी होती. नोकरी संपलेले शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत महिनोन् महिने तिथे पडून राहत. काम नाही, उन्हाळा, ताप, घरची ओढ. काहींची डोकी फिरत. तेव्हापासून इंग्रजीत वेडसर माणसास "डूलाली" म्हणू लागले. म्हणजे आपल्या गाडीच्या वाटेवरचे एक स्टेशन इंग्रजी कोशात जाऊन बसले आणि तिथून बिअरच्या पाटीवर आले. बिअरशाळेला वेडाचे नाव देणारा माणूस निदान खरे बोलणारा असला पाहिजे, असे मला वाटले.

आणखी एक नाव ऐका. एका बिअरचे नावच "इंडिया पेल एल". मला वाटले इथली असेल. पण ती विलायतेत इथल्या गोऱ्यांसाठी करीत. दीडदोनशे वर्षांपूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जहाज मुंबईस यायला चार-सहा महिने लागत. वाटेत बिअर नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालीत. म्हणून ती कडू. प्रवासाला निघताना आपण दशम्या करून नेतो, पातळ कालवण नेत नाही, त्यातलाच प्रकार.

भाच्याने मला एक गोष्ट सांगितली ती या मंडळात सांगितलीच पाहिजे. बिअर करणे हे मुळात बायकांचे काम. चार हजार वर्षांपूर्वी सुमेर देशात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, बिअरची देवता होती निंकासी, आणि ती स्त्री. विलायतेतही कित्येक शतके घरोघरच्या बायकाच बिअर करीत आणि उरलेली विकून चार पैसे मिळवीत. हॉप्समुळे पेय टिकते हे बाराव्या शतकात लिहून ठेवणारी हिल्डेगार्ड ही जर्मनीतली एक जोगीण. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष म्हणून दारूखात्याचा अधिकारी आहे, आणि किण्व, म्हणजे आंबविण्याचे विरजण, निवडण्याचे काम बायकामुलांना सांगितले आहे. पुढे धंदा मोठा झाला, पैसा आला, आणि तो पुरुषांच्या हाती गेला. बायकांच्या वाट्याला काय राहिले? रात्री दाराशी उभे राहून वाट पाहणे. हे मी माझ्या पदरचे सांगते, भाच्याचे नव्हे.

म्युनिक म्हणून जर्मनीत शहर आहे, ते बिअरचे पंढरपूर म्हणा, विठोबा क्षमा करो. तिथल्या राजांनी 1516 साली कायदा केला की बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स यांखेरीज काही घालू नये. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण ते काय असते हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. आपली आजी विरजणात काय आहे हे न जाणता दही लावीतच होती की नाही? तिथे 1810 साली राजपुत्राच्या लग्नाचा सोहळा झाला, त्यातूनच पुढे दरवर्षीची जत्रा सुरू झाली. लाखो लोक जातात.

आता तुम्ही ज्याची वाट पाहताय ते. होय, मी चाखली. भाचा म्हणाला, "बघायला आलीस तर चव घेतल्याशिवाय मत देऊ नकोस." महाराष्ट्रात कायद्याने बिअर पिण्यास वय 21 पुरे लागते, कडक दारूस 25, आणि पिणाऱ्याजवळ परवाना हवा. 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहेच. तेव्हा माझ्या नावाने एक दिवसाचा परवाना निघाला. रेशनकार्डानंतर सरकारने मला दिलेला दुसरा कागद! हे तोंडावर रुमाल धरून हसत होते. लाकडी फळीवर चार छोट्या पेल्या आल्या. प्रत्येकीतून मी एकेक चमचाभर घेतली.

पहिली गव्हाची. तोंडाशी नेली आणि थबकले. पिकल्या केळीचा वास! रावेर-सावद्याच्या वखारीत घड पिकत असताना येतो, तसाच. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपण त्या मातीतल्या बायका, केळीच्या वासात आपण फसायच्या नाही. मी विचारले, "कोणती केळी घातलीस?" तो म्हणाला, "एक फोडसुद्धा नाही मावशी. केळ्यात जे सुवासाचे द्रव्य असते तेच ही यीस्टची जात स्वतः तयार करते. आणखी लवंगेचाही वास येतो बघ." आणि खरेच येत होता. इतक्या बारीक जिवाने केळीवाचून केळीचा वास करावा, याचे मला फार नवल वाटले.

दुसरी ती इंडियावाली. पाडव्याच्या कडुनिंबाची आठवण झाली, वर मोसंबीच्या सालीचा वास. तिसरी काळी, करपलेल्या कॉफीसारखी. ती यांना आवडली, मला नाही. चौथी आंबट, आदल्या दिवशीच्या ताकासारखी. माझा एकंदर निकाल असा की वास चांगले, चव माझ्या जिभेची नव्हे. भरिताबरोबर कळण्याची भाकरी आणि वर ताक, यापुढे माझी जीभ जात नाही. पण करणाऱ्याचे कसब मी मान्य केले. चांगल्या हाताला चांगला म्हणायला आपण कचरू नये.

आता खरा मुद्दा. मी त्याला विचारले, "तुझे काका म्हणायचे, बिअर ही दारू नव्हे. तू शिकलेला आहेस. खरे काय ते सांग." त्याने हात पुसले आणि कागदावर हिशेब मांडला. तो कागद मी जपून आणला आहे. स्ट्राँग म्हणून जी मोठी बाटली मिळते ती 650 मिलिलिटरची. तिच्यात आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. म्हणजे 52 मिलिलिटर निव्वळ मद्यार्क, चहाच्या चमच्याने दहा चमचे. व्हिस्कीचा लहान पेग 30 मिलिलिटरचा, त्यात सुमारे 13 मिलिलिटर. म्हणजे एक मोठी स्ट्राँग बाटली बरोबर चार पेग! दोन बाटल्या पिणारा आठ पेग पितो आणि घरी येऊन म्हणतो, मी फक्त बिअर घेतली.

बायांनो, हा हिशेब मला वीस वर्षांपूर्वी कोणी दिला असता तर मी निदान दिरांना उत्तर तरी दिले असते. ते थांबले असते की नाही, देव जाणे.

भाच्याने हेही झाकले नाही की त्यांची ताजी बिअर सौम्य असली तरी 300 मिलिलिटरचा एक पेला एका पेगाहून थोडा वरच जातो. ताजी म्हणून ती औषध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले की प्रकृतीला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, आणि त्यात बायकांचा स्तनाचा कर्करोगही येतो. तेव्हा "बिअरने भूक लागते, तब्येत सुधारते, मुतखडा पडतो" असे सांगत जे येतील त्यांना कपभर चहा द्या आणि वाटेला लावा.

पुण्याचे कौतुक केले तसे हेही सांगते. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. एक मुलगा, एक मुलगी. मोटार चालविणारा मुलगा अल्पवयीन होता आणि तो आधी पबमध्ये पिऊन आला होता, असे पोलिसांचे म्हणणे. कोणाची तरी ती लेकरे रात्री जेवून घरी निघाली होती. फळीवरच्या चार सुंदर पेल्या बघताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी भाच्याला उभे करून विचारले, "तू स्वतः किती पितोस?" तो म्हणाला, "कामासाठी दिवसाला दोन-चार घोट चाखतो. प्यायला म्हणून बसत नाही. जीभ मेली तर माझी नोकरी गेली." आता पोराच्या शब्दावर मावशीने विश्वास ठेवायचा असतो, पण चौकशीही करायची असते. त्याच्या खोलीत दोन दिवस राहिले. ओट्याखाली पाहिले, माळ्यावर पाहिले. शेजारच्या काकूंना वाटीभर शेवभाजी नेऊन दिली आणि गोडीने विचारले. त्या म्हणाल्या, "तुमचा मुलगा रात्री येतो तो सरळ चालत येतो, आणि आमच्या नातवाला गणित शिकवितो." मला पुरेसे झाले.

परत आल्यावर बहिणीला सांगितले, "अन्नप्रक्रिया वगैरे बंद कर. मुलगा बिअर करतो असे तोंड भरून सांग, आणि तो पीत नाही हेही सांग. लपविलेल्या गोष्टीला लोक जास्त वाईट समजतात." तिला अजून जमत नाही. पण परवा हळदीकुंकवाला एकीला तिने हळूच सांगितलेले मी ऐकले. लग्न अजून जमलेले नाही, हेही खरे आहे.

तुम्ही विचाराल, मग तुमचे मत काय? बिअर चांगली की वाईट? माझे मत असे की करणाऱ्याच्या कसबाला मान द्यावा आणि पिणाऱ्याच्या सबबीला देऊ नये. या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात. आपल्या मुलींसाठी स्थळ पाहताना आपण विचारतो, मुलगा काय करतो? त्याबरोबर हेही विचारा, मुलगा काय पितो, किती पितो? बँकेत कारकून असून रोज चार पेगांची "फक्त बिअर" घेणारा जावई चालतो, आणि टाक्या घासून शुद्धीवर घरी येणारा चालत नाही, हा न्याय मला पटत नाही.

आणि ज्या गल्लीत दुकानाचा त्रास होतो, तिथे आपल्या हातात काय आहे तेही सांगून ठेवते. महाराष्ट्रात 2008 सालचा नियम आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या स्त्री-मतदारांपैकी निदान 25 टक्के बायकांनी अर्ज दिला तर गुप्त मतदान घ्यावे लागते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीला मत दिले की दुकान बंद. नीट ऐका, आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी निम्म्या. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. कित्येक ठिकाणी बायकांनी एवढे कष्ट केले आणि मतदानाला कमी गेल्याने हरल्या. म्हणून हा आकडा पाठ करून ठेवा. मंडळाने मतदारयादीची एक प्रत आणून ठेवावी, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. उद्या गरज पडली तर शोधाशोध नको.

तो हिशेबाचा कागद मी मोठ्या अक्षरात उतरवून आणला आहे. एक मोठी स्ट्राँग बाटली, चार पेग. तो मंडळाच्या फळ्याशेजारी लावावा. लहान मुली वाचतील, मुलगेही वाचतील, आणि चहा घ्यायला आलेले त्यांचे वडीलही वाचतील.

 मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आपल्या प्रत्येकीच्या दारात येणारा माणूस सरळ पावलांनी येवो, एवढे मागणे मागून मी आपली रजा घेते.